घट

एकोणतीस वर्षं सराफ बाजारात काट्यापाशी बसतोय.
तोलताना पंखा बंद करायचा, हा पहिला धडा.
मे महिन्यात, जळगाव शेहेचाळीसवर असताना,
पंखा बंद करून मी लोकांचं सोनं तोललं,
कपाळावरचा घाम पारड्यात पडू दिला नाही कधी.
त्या दिवशी घाम थांबेना. डावा हात
दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडून राहिला.
शेठ म्हणाले, दुसाने, ऊन लागलं असेल,
लिंबूपाणी घ्या.

रिंग रोडच्या दवाखान्यात
डॉक्टरांनी पडद्यावर नस दाखवली:
कसोटीच्या दगडावर ओढावी तशी रेघ,
मध्येच पुसलेली.
नव्वद टक्के, ते म्हणाले.
मला आधी वाटलं, टंच सांगताहेत.

बाहेर जावयाला विचारलं गेलं:
देशी बसवायचा की इम्पोर्टेड?
दरवाजा अर्धा उघडा होता, मला ऐकू आलं.
तो आवाज मी ओळखला.
नवरीच्या बापाला मी त्याच आवाजात म्हणत आलोय,
बघा, आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं.
जावई गप्प राहिला.
नवरीचे बापही असेच गप्प राहायचे,
आणि मग भारीतलंच घ्यायचे.

घरी आल्यावर झोप नव्हती, म्हणून हिशेब केला.
स्टेंटचं वजन वीस मिलिग्रॅम, डॉक्टरांनीच सांगितलं,
(असं विचारणारा मी पहिलाच पेशंट, म्हणे).
गुंजेचा सहावा हिस्सा.
अडतीस हजारांना.
म्हणजे तोळ्याला दोन कोटींच्या वर.
एवढ्या भावाची वस्तू
माझ्या हातून कधी गेली नाही,
आणि आता आतून जाते आहे
रोज लाख वेळा, पावती नसलेलं रक्त घेऊन.

बिलातलं बाकीचं मला समजत होतं.
खोलीचं भाडं, फुगा, तार, भूल, हातमोजे,
आपण त्याला घडणावळ म्हणतो.
कार्डावर निम्मं निघालं.
उरलेल्या निम्म्याला प्रमिलाच्या पाटल्या.

त्या कुठं मोडल्या, मी विचारलं नाही.
महिन्याने कामावर गेलो, खतावणी उघडली
आणि सापडल्या.
नीलेशच्या अक्षरात, माझ्याच काट्यावर:
पाटल्या दोन, जुन्या, चार तोळे.
घट दोन टक्के.
नियमाप्रमाणेच. तो नियम त्याला मीच शिकवला,
गिऱ्हाईक रडत असेल तरी घट सोडायची नाही,
आज एकाला सोडली की उद्या दुकान सोडावं लागतं.
चार तोळ्यांची दोन टक्के
नऊशेतीस मिलिग्रॅम.
तेवढ्या वजनात चाळीसच्या वर स्टेंट बसले असते.
नीलेश मान खाली घालून डबी पुसत होता.
मी म्हटलं, बरोबर आहे, बेरीज तपासली मी.

गोळ्या महिन्याला दोन हजार एकशे चाळीस.
रक्त पातळ करणारी मी
मधे आठ दिवस एकाआड एक घेतली.
प्रमिलाने पाकीट मोजलं, आणि काहीच बोलली नाही,
दिवसभर.
रात्री भाकरी वाढताना म्हणाली,
इतलं कसाले मोजतस?
जीव शे ते समदं शे.
मी म्हटलं, मोजणं हाच धंदा आहे माझा.
ती म्हणाली, मंग गोळ्या बी मोजा. बरोबर तीस.

आता नवा काटा काचेच्या पेटीत असतो,
वारा लागत नाही.
तरी सवयीने मी पंखा बंद करतो.
दवाखान्याची पिशवी हातात घेऊन आलेली बाई
मला दारातूनच कळते.
ती बांगडी काढू लागते, निघत नाही,
साबण आहे का विचारते.
मी साबण देतो. वजन करतो. घट लावतो.
तिला पाणी देतो, मग पंखा.

प्रमिलाच्या मनगटावर, पाटल्या होत्या तिथली कातडी
अजून गोरी आहे, दोन बोटं रुंद.
एक उन्हाळा गेला, म्हणते ती,
का होईल सारखी.